भगवानदादा : नाचाआधीचा पैलवान

भगवानदादा म्हटलं की आपल्याला त्यांचा तो संथ, खांदे हलवत केलेला नाच आठवतो. पण मित्रांनो, 'अलबेला' 1951 चा. त्याच्याआधी दहा-बारा वर्षं हा माणूस पडद्यावर मारामारी करून पोट भरत होता.

भगवान आबाजी पालव. जन्म 1913. जन्मगाव म्हणून आपल्या शेजारच्या अमरावतीचं नाव सांगतात. वडील मुंबईत गिरणी कामगार. म्हणजे आपल्याकडचा कापूस ज्या गिरण्यांत जायचा, तिथल्या भोंग्यावर चालणारं घर. पोरगं मजुरी करायचं, पण ओढ कुस्तीची अन् सिनेमाची. 'दादा' हे नाव पैलवानकीतूनच आलं म्हणतात.

आधी मूकपटात बारीकसारीक कामं. 1938 मध्ये चंद्रराव कदमांसोबत 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला. मग स्टंटपटांची रांगच लागली. पैसा थोडा, त्यामुळे कलाकारांच्या कपड्यांपासून जेवणापर्यंत सगळं दादाच बघायचे. प्रेक्षक बहुतेक कामगार. दिवसभर राबलेल्या माणसाला आपल्यासारखाच बुटका, जाडजूड गडी गुंडांना लोळवताना दिसायचा. अजून काय पाहिजे?

एक गोष्ट मात्र झाकून चालणार नाही. शूटिंगमध्ये दादांची थप्पड ललिता पवारांना इतक्या जोरात बसली की चेहऱ्याला लकवा मारला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. त्यांची नायिकेची कामं गेली. पुढे त्याच चेहऱ्यानं त्यांनी खाष्ट सासू गाजवली, ही त्यांची हिंमत.

1947 मध्ये दादांनी चेंबूरला जागृती स्टुडिओ काढला. राज कपूरच्या सल्ल्यानं सामाजिक सिनेमाकडे वळले आणि 'अलबेला' झाला. सोबत गीता बाली, संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, दारात सात गाड्या. पुढचे सिनेमे पडले, सगळं विकलं. शेवटी दादरची चाळ. मिळेल ते छोटं काम करत राहिले. 4 फेब्रुवारी 2002 ला तिथंच गेले.

गिरणीतल्या कामगाराला निदान युनियन होती. अंगाच्या जोरावर लोकांना रिझवणाऱ्याला काय असतं? अंग थकलं की संपलं.

आपल्या लोहाऱ्यात, आजूबाजूच्या खेड्यांत असे थकलेले भजनी, दंडारवाले, शाहीर असतीलच. सरकारची वृद्ध कलावंत मानधन योजना आहे, पण कागदपत्रांपाशी गाडी अडते. जिममधल्या पोट्ट्यांनो, रील बनवता ते बनवा. सोबत एखाद्या म्हाताऱ्या कलावंताचा अर्जही भरून द्या.