अमेरिकेतले कृष्णवर्णीय मतदार लिंकनचा पक्ष सोडून डेमोक्रॅट्सकडे कसे गेले?

मे 2020. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वातावरण तापत होतं. डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी जो बायडन यांनाच मिळणार हे जवळपास नक्की होतं. कृष्णवर्णीय श्रोत्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या एका रेडिओ शोला मुलाखत देताना शेवटी शेवटी ते बोलून गेले की, मला मत द्यायचं की ट्रम्पना हे ठरवणं तुम्हाला अवघड जात असेल, तर तुम्ही कृष्णवर्णीयच नाही. टीकेची झोड उठली आणि त्याच दिवशी बायडन यांना माघार घ्यावी लागली.

विधान उद्धट होतं, पण त्यामागे एक आकडा होता. 1964 पासूनच्या प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत दर दहा कृष्णवर्णीय मतदारांपैकी साधारण आठ किंवा त्याहून जास्त जणांनी डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत दिलं आहे. बराक ओबामांच्या वेळी 2008 मध्ये हे प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास होतं.

आपल्याकडे याला 'एकगठ्ठा मतं' म्हणतात आणि म्हणताना त्यात थोडा तुच्छतेचा सूर असतो. जणू कुणीतरी सांगितलं आणि लोकांनी बटण दाबलं! अमेरिकेतली गोष्ट मात्र वेगळी आहे. हाच गठ्ठा एकेकाळी दुसऱ्या पक्षाकडे होता.

लिंकनचा पक्ष

रिपब्लिकन पक्षाची स्थापना 1854 मध्ये झाली ती गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी. 1860 मध्ये याच पक्षाचे अब्राहम लिंकन निवडून आले. यादवी युद्धानंतर 1865 मध्ये गुलामगिरी संपली आणि 1870 मध्ये घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला. त्याच वर्षी मिसिसिपीचे हायरम रेव्हेल्स हे सिनेटमध्ये बसणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. अर्थातच रिपब्लिकन. गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेकडच्या जमीनदारांचा पक्ष होता डेमोक्रॅटिक.

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं, ते याच काळात.

पण हा काळ फार टिकला नाही. 1876 च्या निवडणुकीचा निकाल वादात सापडला. तडजोड अशी झाली की अध्यक्षपद रिपब्लिकन पक्षाला मिळालं आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं. मग दक्षिणेतल्या डेमोक्रॅटिक सरकारांनी मतदानासाठी कर लावला, वाचनाची परीक्षा लावली, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तिथे जमावाची दहशत होतीच. विसावं शतक उजाडेपर्यंत दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताधिकार फक्त कागदावर उरला होता.

रिपब्लिकन नेते प्रचारात लिंकनचं नाव घेत राहिले, पण या लोकांसाठी फारसं काही करत नव्हते. जाणार कुठे, हा हिशोब. कृष्णवर्णीय मतदारांना गृहीत धरण्याची सुरुवात रिपब्लिकन पक्षाने केली, हे आजच्या वादात सहसा कुणी आठवत नाही.

पोटाचा प्रश्न आणि 1936

1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कसारख्या शहरांकडे गेले. तिथे त्यांना मत देता येत होतं. 1932 मध्ये महामंदी असतानाही त्यांच्यातल्या बहुसंख्यांनी रिपब्लिकन हर्बर्ट हूवर यांनाच मत दिलं. चारच वर्षांनी, 1936 मध्ये, अंदाजे 71 टक्के मतं डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे वळली. सरकारी योजनांमधून काम आणि मदत मिळाली होती, भेदभाव होऊनही मिळाली होती.

हे प्रेमाचं नातं नव्हतं. झुंडबळींविरोधातल्या कायद्यामागे रूझवेल्ट यांनी आपलं वजन टाकलं नाही, कारण संसदेत त्यांचं काम दक्षिणेतल्या गोऱ्या डेमोक्रॅट नेत्यांवाचून अडत होतं. 1948 मध्ये हॅरी ट्रुमन यांनी सैन्यातला वंशभेद संपवण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी त्यांच्या नागरी हक्कांच्या भूमिकेवर चिडलेल्या दक्षिणेतल्या डेमोक्रॅट्सनी वेगळी चूल मांडून स्ट्रॉम थर्मंड यांना उभं केलं आणि चार राज्यं जिंकली. एकाच पक्षात कृष्णवर्णीय मतदारही होते आणि त्यांना मत देऊ न देणारेही! त्यामुळे 1956 मध्ये रिपब्लिकन आयझेनहॉवर यांना कृष्णवर्णीयांची जवळपास 39 टक्के मतं मिळाली, तेव्हा कुणाला फार आश्चर्य वाटलं नाही.

एक फोन

ऑक्टोबर 1960. अटलांटातल्या एका मोठ्या दुकानात गोऱ्यांसाठी राखीव जागी बसण्याच्या आंदोलनात मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. बाकीचे सुटले. किंग यांच्यावर मात्र वाहन परवान्याचं एक जुनं प्रकरण उकरून काढलं गेलं आणि न्यायाधीशांनी त्यांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीवर पाठवलं. जॉर्जियाच्या तुरुंगात ते जिवंत राहतील का, ही भीती खरी होती.

अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी यांनी किंग यांच्या गरोदर पत्नी कोरेटा यांना फोन करून धीर दिला. त्यांचे भाऊ रॉबर्ट यांनी थेट न्यायाधीशांना फोन केला. किंग सुटले. रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांची किंग यांच्याशी आधीपासून ओळख होती, पण ते गप्प राहिले.

किंग यांचे वडील बाप्टिस्ट पाद्री होते. केनेडी कॅथलिक असल्यामुळे त्यांचा कल निक्सनकडे होता. त्यांनी आपला पाठिंबा जाहीरपणे बदलला. मतदानाच्या आदल्या रविवारी कृष्णवर्णीयांच्या चर्चबाहेर निळ्या कागदावर छापलेली पत्रकं वाटली गेली, त्यात निक्सन यांच्या मौनाची आठवण करून दिली होती. केनेडी देशभरात सुमारे 1 लाख 13 हजार मतांच्या फरकाने जिंकले. इलिनॉय राज्यात तर फरक नऊ हजारांच्या आत होता.

एका फोनने निवडणूक फिरली असं म्हणणं जरा जास्तच होईल. पण आपलं मत निर्णायक ठरू शकतं, हे दोन्ही पक्षांना त्या वर्षी दिसलं. निक्सन यांनाही तेव्हा साधारण 32 टक्के मतं मिळाली होती. त्यानंतर तो आकडा कुठल्याही रिपब्लिकन उमेदवाराच्या वाट्याला आलेला नाही.

1964 मध्ये काय झालं?

सोशल मीडियावर एक दावा नेहमी फिरतो: नागरी हक्क कायदा खरं तर रिपब्लिकन पक्षाने पास केला. आकडे पाहिले तर हा दावा अर्धा खरा आहे. सिनेटमध्ये 33 पैकी 27 रिपब्लिकन सदस्य बाजूने होते, तर 67 पैकी 46 डेमोक्रॅट. टक्केवारीत रिपब्लिकन पुढे.

उरलेली अर्धी गोष्ट नकाशात आहे. यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या 11 राज्यांचे 22 सिनेटर होते. त्यांच्यापैकी एकाने बाजूने मत दिलं. भांडण पक्षांपेक्षा उत्तर-दक्षिण असं होतं. विरोध करणाऱ्या सहा रिपब्लिकनांपैकी एक होते बॅरी गोल्डवॉटर, आणि काही आठवड्यांतच त्यांच्या पक्षाने त्यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. कायद्यावर सही केली ती डेमोक्रॅट लिंडन जॉन्सन यांनी, जे स्वतः टेक्ससचे होते.

नोव्हेंबरमध्ये निकाल लागला. गोल्डवॉटर यांनी स्वतःचं ॲरिझोना आणि खोल दक्षिणेतली पाच राज्यं जिंकली. मिसिसिपीत तर 87 टक्के मतं, कारण तिथल्या बहुतेक कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणीच होऊ दिली नव्हती. देशात इतरत्र कृष्णवर्णीयांची सुमारे 94 टक्के मतं जॉन्सन यांना गेली.

पुढच्या वर्षी मतदान हक्क कायदा आला. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी सात टक्क्यांवरून दोन-तीन वर्षांत 60 टक्क्यांच्या जवळ पोहोचली. रिपब्लिकन पक्षाने दक्षिणेतल्या नाराज गोऱ्यांना जवळ करण्याचा मार्ग धरला. 2005 मध्ये पक्षाचे तेव्हाचे अध्यक्ष केन मेहलमन यांनी कृष्णवर्णीयांच्या संघटनेसमोर ही चूक होती असं मान्य केलं. तोवर चाळीस वर्षं उलटली होती.

सगळे एकसारखे विचार करतात का?

अजिबात नाही. धर्म, कुटुंब, गुन्हेगारी यांवर पुराणमतवादी असलेले कृष्णवर्णीय भरपूर आहेत आणि तेही बहुसंख्येने डेमोक्रॅट्सनाच मत देतात. राज्यशास्त्रज्ञ मायकल डॉसन यांचं म्हणणं असं की, समाजाचं जे होईल तेच माझं होईल, हा अनुभव इतका पक्का आहे की माणूस समाजाच्या हितावरून स्वतःचं हित मोजतो. इस्माइल व्हाइट आणि शेरिल लेअर्ड या अभ्यासकांनी 2020 च्या पुस्तकात आणखी एक पदर दाखवला: शेजार, चर्च, कॉलेज यांतून एकमेकांकडून ठेवली जाणारी अपेक्षा. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना रिपब्लिकन उमेदवाराला देणगी दिली तर स्वतःला थोडे पैसे मिळतील असं आमिष होतं. दुसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी समोर असला की आमिषाचा परिणाम कमी व्हायचा.

या एकीची किंमत

राज्यशास्त्रज्ञ पॉल फ्रायमर यांनी 1999 मध्ये हा पेच मांडला. एक पक्ष तुम्हाला गृहीत धरतो, दुसरा तुमच्याकडे फिरकत नाही, आणि दोघंही गोऱ्या तरंगत्या मतदाराच्या मागे धावतात. अशा वेळी हातात एक हत्यार उरतं: घरी बसणं. जनगणना विभागानुसार कृष्णवर्णीयांचं मतदान 2012 मध्ये सुमारे 66 टक्के होतं, 2016 मध्ये ते 60 टक्क्यांखाली आलं. त्या वर्षी ट्रम्प यांनी मिशिगन 11 हजारांहून कमी मतांनी जिंकलं.

दुसरी जागा म्हणजे पक्षाच्या आतली निवडणूक. फेब्रुवारी 2020 मध्ये बायडन पहिल्या तीन राज्यांत हरले होते. साउथ कॅरोलिनात डेमोक्रॅटिक मतदारांमध्ये निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय आहेत. तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी बायडन यांना पाठिंबा दिला आणि उमेदवारीची शर्यतच पालटली. 2024 साठी पक्षाने अधिकृत वेळापत्रकात साउथ कॅरोलिनाला पहिला क्रमांक दिला.

त्याच 2024 मध्ये कमला हॅरिस यांना वेगवेगळ्या पाहण्यांनुसार कृष्णवर्णीयांची 83 ते 86 टक्के मतं मिळाली. महिलांमध्ये हे प्रमाण 90 च्या आसपास होतं. पुरुषांमध्ये मात्र साधारण पाचातल्या एकाने ट्रम्प यांना मत दिलं.