हरितगृह ‘शेती’, मग गायरानातली ज्वारी ‘अतिक्रमण’ का?

आम्ही ज्या वस्तीत काम करतो, तिथल्या बाया सकाळी पॉलीहाऊसवर जरबेरा तोडायला जातात. लोखंडी सांगाडा, प्लॅस्टिकचे छप्पर, बाहेरून आणलेली लाल माती. तरी कागदावर ती शेतीच. बिनशेती परवाना लागत नाही. याच बायांच्या सासऱ्यांनी गायरानात पिकवलेली ज्वारी मात्र तलाठ्याच्या गाव नमुना १-ई मध्ये आहे. म्हणजे अतिक्रमण!

शेती कशाला म्हणायचे, हे ठरवते कोण?

१९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने फळबाग-बागायत शेतीच्या व्याख्येत घेतली. दूध, कोंबड्या, पशुपैदास हे ‘जोडधंदे’ म्हणून बाहेर ठेवले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने शेतावरच्या इमारतीत अवजारांचे कोठार आणि गोठा तर धरलाच, शिवाय लागवडीच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेले इतर कोणतेही प्रयोजन धरले. १९९४ मध्ये ४४-अ कलम घालून ठरावीक क्षेत्रांत उद्योगासाठीही पूर्वपरवानगीची अट काढली. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याच्यासाठी व्याख्या अशी रुंद होत गेली.

कुणी म्हणेल, पॉलीहाऊस मालकीच्या जमिनीवर आहे, गायरान सार्वजनिक आहे, तुलनाच चूक. पण मालकी आभाळातून पडली नाही. महारांच्या वाट्याला आली ती वतनाची जमीन, गावकीच्या राबणुकीला बांधलेली. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. जमीन परत मिळाली तीही सारा आकारणीच्या पटीत पैसे भरून आणि नव्या शर्तीवर, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता न येणारी. ज्यांना तेवढीही नव्हती त्यांच्यापुढे गायरान आणि पडीक जमिनीच उरल्या. म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले.

त्या लढ्याच्या रेट्यातून पुढे १९९१ चा शासन निर्णय आला आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. ज्यांची नोंदच तलाठ्याने केली नव्हती, ते पुराव्याअभावी बाहेर राहिले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही आहे. नोटीस घेऊन येणारे अधिकारी आदेश वाचून दाखवतात, अपवाद वाचत नाहीत.

आम्ही पॉलीहाऊसच्या विरोधात नाही. उलट १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात बाबासाहेबांनी हेच सांगितले की जमीन किफायतशीर आहे की नाही हे एकरांवर ठरत नाही. तिला भांडवल, अवजारे आणि श्रम यांची जोड किती, यावर ठरते. दहा गुंठ्यांचे हरितगृह हा त्याचाच पुरावा आहे. पण हरितगृहाच्या अनुदानासाठी सातबारा लागतो. दादासाहेबांच्या नावाच्या २००४ च्या योजनेत भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत द्यायची तरतूद आहे, मात्र सरकारी दराने जमीन विकणारा मालक मिळणे मुश्कील.

मग मार्ग काय? गायरान कसणाऱ्यांना दीर्घ मुदतीचे पट्टे द्या, ते बायांच्या नावे करा, आणि त्यावर सामूहिक हरितगृहाला अनुदान द्या. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी शेती राज्याचा उद्योग करून जमीन जातिभेद न करता गावकऱ्यांना सामूहिक पद्धतीने कसायला द्यावी, असे मांडले होते. आमची मागणी त्यापुढे फारच लहान आहे.

जरबेरा कसा वाढवायचा, हे आमच्या बायांना ठाऊक आहे. त्यांच्याकडे नाही तो फक्त कागद. तोपर्यंत १-ई मधली आपली नोंद तपासा, तिची नक्कल काढून जपून ठेवा.

जय भीम!