कूस बदलताना

नर्सिंगमध्ये मी हाताने शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे बॅक केअर. साल १९८७, मुंबईतलं एक मोठं रुग्णालय, जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष. स्पंजिंग आटोपलं की ट्रॉली घेऊन निघायचं. तिच्यावर साबणाचं पाणी, स्पिरिट, पावडर. अंथरुणाला खिळलेल्यांची पाठ, कंबर, टाचा, कोपरं गोल गोल चोळायची. रक्त खेळतं राहतं, बेडसोअर होत नाही, असं ट्युटर सांगत. मनगटं भरून येईपर्यंत मी चोळत असे, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास होता.

२००२ साली इंग्लंडमध्ये वृद्धांच्या वॉर्डात रुजू झाले आणि पहिल्याच सकाळी स्पिरिट मागितलं. तिथल्या सिस्टरने हातातलं काम थांबवून विचारलं, ‘कशासाठी?’ मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी बेडसोअरचा अभ्यास केलेल्या डोरीन नॉर्टनचं लिखाण वाचायला घेतलं.

नॉर्टनचं काम कळण्याआधी वृद्धांचे हे वॉर्ड आले कुठून ते कळायला हवं. त्यातले कित्येक जुन्या वर्कहाऊसचे, म्हणजे निराधारांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या गरीबखान्यांचे. १९३५ मध्ये मार्जरी वॉरन या डॉक्टरबाईंच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारचा असा एक गरीबखाना आला. तिथे सातशेच्या वर माणसं होती, त्यांतली बरीच वर्षानुवर्षं नुसती निजून. बाईंनी एकेकाला तपासलं. भिंती उजळ रंगवून घेतल्या, कठडे बसवले, माणसांना उठवून चालतं केलं. पुष्कळ जण घरी गेले. ‘कायमचा अंथरुणाला खिळलेला’ असा शिक्का बसलेल्यांतल्या कित्येकांना कुणी उठवूनच पाहिलं नव्हतं.

नॉर्टन नर्स होती. नर्सने संशोधन करायचं ही कल्पनाच त्या काळी नवी. रोडा मॅकलॅरन आणि डॉ. एक्स्टन-स्मिथ यांच्याबरोबर तिने रुग्णालयातल्या म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेचा अभ्यास केला. तो १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आला. अडीचशे रुग्णांवर तिने नजर ठेवली, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्याला जखमा झाल्या, त्याही बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत. कातडीला काय लावलं याला महत्त्व नव्हतं. दाब हलवला का, याला होतं. ठरावीक तासांनी कूस बदलायची, बस्स. पिढ्यान्‌पिढ्या नर्सेस ज्यात मनगटं झिजवत होत्या त्याचा उपयोग नव्हता, हे एका नर्सनेच मोजून दाखवलं. हे वाचून मला राग आला नाही. माझ्या ट्युटर मनापासून शिकवत होत्या, त्यांनाही कुणीतरी मनापासून तसंच शिकवलं होतं. पण मुंबईच्या त्या पाठी आजही आठवतात.

धोका ओळखायला तिने एक तक्ता केला. प्रकृती, मनाची स्थिती, हिंडणं-फिरणं, अंग हलवता येणं, आणि लघवी-संडासवरचा ताबा. पाच रकाने, प्रत्येकाला एक ते चार गुण. बेरीज चौदा किंवा कमी आली की सावध व्हायचं. कातडीच्या तक्त्यात मनाला रकाना दिला, हे मला फार मोलाचं वाटतं. गोंधळलेलं माणूस आपण होऊन कूस बदलत नाही, हे वॉर्डात उभं राहिलेल्यालाच सुचतं.

तरीही मनाकडे बघायला अजून बराच वेळ जायचा होता. १९६५ मध्ये बार्बरा रॉब ओळखीच्या एका वृद्ध बाईंना भेटायला लंडनच्या फ्रायर्न मनोरुग्णालयात गेल्या. तिथे म्हाताऱ्या बायकांचे चष्मे, कवळ्या, कानाची यंत्रं काढून घेतलेली. दिसत नाही, ऐकू येत नाही, नीट बोलता येत नाही, आणि वर लेबल बुद्धी गेल्याचं. रॉबबाईंनी १९६७ मध्ये ‘सॅन्स एव्हरीथिंग’ हे पुस्तक काढलं, त्यात नर्सेसनीही साक्षी लिहून दिल्या. नोकरीची पर्वा न करता लिहिणाऱ्या त्या नर्सेसबद्दल मी माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला सांगते.

पुढे ब्रॅडफर्डला टॉम किटवूड आणि कॅथलीन ब्रेडिन यांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या देखभालीची नोंद करण्याची रीत बसवली. खोलीत गप्प बसायचं आणि दर पाच मिनिटांनी लिहायचं, या माणसाच्या वाट्याला आत्ता काय आलं? मी स्वतः एकदा बसले होते. एका आजींच्या पुढचे अठरा रकाने, म्हणजे दीड तास, रिकामे गेले. त्यांना कुणी दुखावलं नव्हतं. चहा आला, औषध दिलं गेलं, चादर सारखी झाली. बोललं मात्र कुणीच नाही. त्या पाळीवर मीच इनचार्ज होते.

२०१४ मध्ये ‘जॉन्स कॅम्पेन’ सुरू झालं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाजवळ घरच्यांना थांबू द्या, एवढीच मागणी. ही मोहीम सुरू करणाऱ्यांपैकी निकी जेरार्ड यांचे वडील जॉन रुग्णालयात असताना भेटींवर निर्बंध होते; ते घरी परतले ते पार खचून, आणि त्याच वर्षी गेले. मला मुंबईच्या कॉटखाली चटई टाकून झोपणाऱ्या लेकी-सुना आठवल्या. राऊंडच्या आधी त्यांना बाहेर काढायचं काम आम्हा विद्यार्थिनींकडे असे. त्या बाहेर गेल्या की आजोबा का ओरडायला लागतात, हे तेव्हा मी कुणाला विचारलं नाही.

आता मी प्रॅक्टिस एज्युकेटर, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकवणारी, आहे. इथल्या नर्सिंगच्या शिक्षणाच्या ४६०० तासांपैकी निम्मे प्रत्यक्ष कामाचे. त्यातले काही आमच्या वॉर्डात जातात. आमच्याकडे आज दुसरा तक्ता वापरतात, पण नव्या मुलांकडून मी आधी नॉर्टनचा भरून घेते, साध्या कागदावर, पेन्सिलीने.

परवा पहिल्या वर्षाच्या एका मुलाने एका आजोबांच्या मनाच्या रकान्यात ‘गोंधळलेले’ लिहिलं. गुण दोन. मी म्हटलं, ‘कानातलं यंत्र चालू आहे का बघ.’ सेल संपला होता. त्याने कपाट शोधून नवा सेल घातला, खुर्ची ओढून आजोबांच्या समोर बसला आणि पुन्हा नाव विचारलं. आजोबांनी नाव सांगितलं, गावही सांगितलं, आणि चहात साखर का नव्हती ते विचारलं. मुलाने माझ्याकडे न बघता खोडरबर घेतलं, दोन पुसले आणि चार लिहिले.