दीर्घिकांची मळणी

दीर्घिका फाटायला कोट्यवधी वर्षं लागतात. माणसाच्या वाट्याला त्यातलं एकच स्थिरचित्र येतं. मग ती फाटली, हे सिद्ध कसं करायचं? या प्रश्नाचा इतिहास विजेच्या दिव्यांपासून सुरू होतो.

१९४१ साली, संगणक हाताशी नसताना, स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी दोन दीर्घिका म्हणून प्रत्येकी ३७ दिवे मांडले. प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण एकाच नियमाने क्षीण होतात: अंतर दुप्पट झालं की जोर एक चतुर्थांश. म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड मोजला की तिथली ओढ कळते. मोजायचं, दिवे थोडे सरकवायचे, पुन्हा मोजायचं. जवळून जाणाऱ्या दीर्घिका एकमेकींचा आकार बिघडवतात, हे त्यातून दिसलं.

शंका मात्र उरली. काही जोड्यांतून निघालेले लांब, बारीक धागे नुसत्या गुरुत्वाकर्षणाने कसे ओढले जातील? १९७२मध्ये आलार आणि युरी तूमरे या भावांनी संगणकावर दाखवलं, की समुद्राला भरती आणणारी ओढच त्याला पुरेशी आहे.

दीर्घिकासमूहात तर शेकडो शेजारी. कोमा समूहात दीर्घिकांमधल्या मोकळ्या जागेतही अंधुक उजेड आहे, हे फ्रिट्झ झ्विकी यांनी १९५१मध्येच नोंदवलं होतं. १९९६मध्ये बेन मूर आणि सहकाऱ्यांच्या प्रतिमानात दिसलं, की समूहातल्या वेगवान, वारंवार होणाऱ्या भेटींनी लहान दीर्घिकेची तबकडी विस्कटते आणि तारे बाहेर सांडतात.

पण मागे काय उरतं? फोरनॅक्स समूहात तेव्हा नुकतेच काही अतिघट्ट, चिमुकले तारकापुंज सापडले होते. २००१मध्ये केंजी बेक्की, वॉरिक काउच आणि मायकेल ड्रिंकवॉटर यांनी त्यांचं प्रतिमान मांडलं आणि प्रक्रियेला नाव दिलं ‘थ्रेशिंग’, म्हणजे मळणी. बटू दीर्घिका मोठ्या दीर्घिकेजवळून पुन्हापुन्हा गेली की बाहेरचे तारे भुशासारखे उडतात, गाभा दाण्यासारखा उरतो.

हे पुंज मुळातच ताऱ्यांचे मोठे गुच्छ नसतील कशावरून? काही तसे असतीलही. पण २०१४मध्ये अनिल सेठ आणि सहकाऱ्यांना कन्या समूहातल्या अशाच एका पुंजात सूर्याच्या सुमारे २ कोटी पट वस्तुमानाचं कृष्णविवर सापडलं. पुंजाच्या एकूण वस्तुमानाचा जवळपास सातवा हिस्सा! एवढं कृष्णविवर गुच्छात वाढत नाही. त्याला मोठं घर लागतं. ते घर आता नाही, पण होतं, एवढी साक्ष त्या दाण्याने दिली.