पांचांचा प्याला

चाकण किंवा पिंपरी-चिंचवड येथील कारखान्यांतून घरीं परतलेला एखादा अभियंता शनिवारीं सायंकाळीं मित्रांसाठीं ‘व्हिस्की सावर’ करावयास बसतो, तेव्हां हें पेय अमेरिकेहून आलें अशी त्याची समजूत असते. ती अगदींच चूक नाहीं. 60 मिलिलिटर व्हिस्की, सुमारें 20 मिलिलिटर लिंबाचा रस व तितकाच साखरेचा पाक बर्फासह झांकणाच्या भांड्यांत खळखळून हालविला आणि गाळून घेतला, कीं पेय तयार झालें. आपलें कागदी लिंबू परदेशी पिवळ्या लिंबाहून अधिक आंबट. म्हणून रस थोडा हात राखून घालावा, इतकेंच. परंतु मद्य, आंबट आणि गोड यांची ही त्रयी अमेरिकेंत प्रथम जुळली नाहीं. तिची वंशावळ पाहूं लागलें, तर वाट न्यूयॉर्कहून लंडनला आणि लंडनहून आपल्या पश्चिम किनाऱ्यास येऊन मिळते.

ईस्ट इंडिया कंपनीचा शस्त्रवैद्य जॉन फ्रायर हा 1673 सालीं हिंदुस्थानांत आला. मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून तो जुन्नरासही गेला होता. आजच्या चाकणवरून उत्तरेकडे जाणारा मनुष्य त्याच मुलखांत जाऊन पोंचतो. या फ्रायरनें आपल्या प्रवासवर्णनांत गोव्याजवळच्या नेरूळ गांवच्या अर्काची वाखाणणी केली आहे. या अर्कापासून किनाऱ्यावरील इंग्रज एक पेय करतात, त्यांत पांच पदार्थ असतात, व म्हणूनच त्यास ‘पंच’ हें देशी नांव पडलें, असें तो सांगतो. हे पांच पदार्थ सामान्यतः असे मानतात: अर्क, लिंबाचा रस, साखर, पाणी आणि मसाला.

हें मिश्रण कां जन्मास आलें, हें समजण्यास फार विद्वत्ता नको. विलायतेहून निघालेलें जहाज सूरत-मुंबईस लागेपर्यंत महिनेच्या महिने जात. उष्ण कटिबंधांतून येतां येतां पिंपांतील बिअर आंबून जाई. किनाऱ्यावर मात्र माडाची माडी भट्टीवर चढवून काढलेला अर्क मुबलक व स्वस्त मिळे. तो जिभेस झोंबणारा. त्याची धार मोडण्यास लिंबू आणि साखर हवी, व तीं दोन्ही येथें जागच्या जागीं होतीं. थोडक्यांत, खलाशाची गरज परदेशची आणि सामग्री आपली. या सामग्रीमागें माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याचे हात होते, हें मात्र पेयाचा इतिहास सांगणारे सहसा विसरतात.

आतां नांवाविषयीं. ‘पंच’ हा आपलाच शब्द साता समुद्रांपलीकडे गेला, असें म्हणण्याचा मोह प्रत्येक मराठी वाचकास होणें स्वाभाविक आहे. पण मोह हा पुरावा नव्हे. कंपनीच्या एका नोकराच्या पत्रांत हा शब्द 1632 सालींच आढळतो. म्हणजे फ्रायरच्या कितीतरी आधीं तो इंग्रजांच्या तोंडीं बसला होता, आणि फ्रायरची व्युत्पत्ति ऐकीव असूं शकते. 1638 सालीं सूरतेंत राहिलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो यानें अशाच पेयाचें वर्णन केलें आहे. त्यांत मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर असे चारच पदार्थ मोजले आहेत. शिवाय त्या काळीं इंग्रजींत या शब्दाचा उच्चार ‘पुंच’ असा होई, व आपल्या ‘पंच’ शीं तो नीट जुळत नाहीं. म्हणून कांहीं कोशकार मद्याच्या मोठ्या पिंपाच्या ‘पंचन’ या इंग्रजी नांवाकडे बोट दाखवितात. तेव्हां प्रामाणिक निकाल असा द्यावा लागतो: नांव आपलें असण्याचा संभव आहे, खात्री नाहीं, पेयाची घडण मात्र हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर झाली, याविषयीं शंकेस फारशी जागा नाहीं.

पुढें हें पेय जहाजांबरोबर इंग्लंडांत गेलें. तेथें मोठ्या वाडग्याभोवतीं मंडळी जमत व पळीनें प्याले भरीत. अर्क महाग पडे तेथें रम आली, ब्रँडी आली. अमेरिकेंत माणसें घाईचीं झालीं, वाडग्याची बैठक मोडली, आणि एकेकट्याच्या पेल्यांत तेंच प्रमाण उतरलें. जेरी टॉमस यानें 1862 सालीं न्यूयॉर्क येथें मिश्र पेयांचें जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्याचा आरंभ पंचाच्या प्रकारांनीं होतो. ‘सावर’ म्हणजे ‘आंबट’ या नांवाचीं छोटीं पेयें त्यांतच पुढें येतात. ब्रँडीच्या जागीं व्हिस्की आली, कीं आजचा व्हिस्की सावर झाला. त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस आणला कीं बोस्टनचा प्रकार, तांबड्या द्राक्षासवाचा थर सोडला कीं न्यूयॉर्कचा. मूळ प्रमाण ढळत नाहीं. बर्फाची कहाणीही उलटीच: 1833 सालीं बोस्टनहून बर्फाचें जहाज कलकत्त्यास आलें, आणि लवकरच मुंबईसही तो व्यापार सुरू झाला. पेय येथून गेलें, गारवा तिकडून आला.

आणि ज्या अर्कानें आरंभ केला त्याचें काय झालें? 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानें माडाच्या छेदणीवर व भट्ट्यांवर सरकारी नियंत्रण घट्ट बसविलें. गांवोगांवच्या लहान भट्ट्या मागें पडल्या. पुढें 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. महाराष्ट्रांत आजही तोच कायदा बदललेल्या नांवानें व अनेक दुरुस्त्यांसह लागू आहे, आणि मद्य पिण्यास परवाना लागतो. घरीं पेल्यांत मिश्रण करणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें, आणि मात्राही राखावी; फ्रायरनें वैद्याच्या दृष्टीनें या पेयास अंगांतील बळ हरण करणारें म्हटलें होतें, तें उगाच नव्हे.

चाकणच्या घरांतील त्या पेल्यांतली व्हिस्की परकी आहे, नांव परकें आहे. पण तींत पिळलेलें लिंबू आणि विरघळलेली साखर यांस हा किनारा परका नाहीं.