पॉनी लोकांचें बियाणें

अमेरिकेंतील नेब्रास्का म्हटलें कीं, क्षितिजापर्यंत पसरलेलीं मक्याचीं शेतें डोळ्यांपुढें उभीं राहतात. हें राज्य १८६७ सालीं स्थापन झालें. मका मात्र तेथें त्याच्या कितीतरी आधीपासून पिकत होता. प्लॅट आणि लूप या नद्यांच्या कांठीं पॉनी नांवाच्या आदिवासींचीं गांवें होतीं. पुरुष शिकारीस जात. शेती सर्वस्वीं बायकांची. मक्यास हे लोक माता मानीत आणि पवित्र गाठोड्यांत त्याचें कणीस जपून ठेवीत. त्यांच्यापाशीं मक्याच्या दहा शुद्ध जाती होत्या, असें जीन वेल्टफिश या विदुषीनें आपल्या १९६५ सालच्या ग्रंथांत नमूद केलें आहे.

शुद्ध हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. मक्याचा तुरा शेंड्यावर असतो, कणीस खालीं. पराग वाऱ्यावर उडतो आणि शेजारच्या शेतांतील भलत्याच जातीच्या कणसांवर जाऊन पडतो. दहा जाती निर्भेळ राखावयाच्या म्हणजे पेरणीचें स्थळ आणि काळ यांचा सूक्ष्म हिशेब हवा. तो या निरक्षर बायकांच्या डोक्यांत होता. आम्हां पाटी-पेन्सिलवाल्यांनीं यावर थोडा विचार करावा.

पुढें गोऱ्या वसाहतवाल्यांची रीघ लागली, रोगराई झाली, सू टोळ्यांचे हल्ले झाले. १८७४-७५ च्या सुमारास पॉनींना आपली भूमि सोडून दक्षिणेस, हल्लींच्या ओक्लाहोमांत जावें लागलें. बायकांनीं बियाणें बरोबर नेलें. परंतु तेथील ऊन निराळें, माती निराळी. मका धड येईना. माणसेंही रोडावलीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं तीं सातशेंच्या आंत आलीं. जें थोडें बियाणें उरलें तें घरोघर बरण्यांत आणि गाठोड्यांत राहिलें. आणि मक्याचा दाणा कांहीं सोन्याची मोहोर नव्हे! नुसता ठेवला, तर थोड्याच वर्षांत त्याची उगवणशक्ति जाते.

२००३ सालीं नेब्रास्कांतील कार्नी गांवच्या एका इतिहास-संग्रहालयांतील शिक्षिकेनें बागेंत लावण्यासाठीं पॉनींकडे त्यांच्या मक्याची मागणी केली. मागणारी कोण? ज्यांच्या वस्तीसाठीं पॉनी उठले, त्या समाजांतली. पॉनींच्या बीजरक्षिका डेब एको-हॉक यांच्यापुढें हा प्रश्न आला. गरुड-मका नांवाच्या जातीचे मूठभरच दाणे शिल्लक होते; पांढऱ्या दाण्यावर पंख पसरलेल्या गरुडासारखा जांभळा डाग असतो, म्हणून हें नांव. त्यांतले कांहीं पाठविले. पहिला पेरा फसला. आतां उरलेलेही द्यावेत काय? न द्यावे तर बरणींतच मरणार. द्यावे आणि पुन्हा फसलें तर जात कायमची बुडणार. माझ्या मतें, या साऱ्या हकीकतींत खरें धैर्य कोठें असेल तर तें या निर्णयांत आहे.

त्यांनीं ते दिले. या खेपेस मूळच्या मातींत ते उगवले आणि कणसें भरलीं.

त्यानंतर नेब्रास्कांतील अनेक बागवान आणि शेतकरी स्वयंसेवक म्हणून पुढें आले. सभोंवार व्यापारी मक्याचीं अफाट शेतें. तेव्हां प्रत्येकानें एकच जात घ्यावयाची आणि ती अशी दूर किंवा मागेंपुढें लावावयाची कीं, परागांचा संकर होऊं नये. बियाणें पॉनींच्या मालकीचें. पीक निघालें कीं तें त्यांच्याकडे ओक्लाहोमास रवाना होतें. पेरणी-कापणीच्या हंगामांत कांहीं पॉनी कुटुंबें पूर्वजांच्या या प्रदेशांत येतात आणि स्वयंसेवकांच्या बरोबरीनें कणसें सोलतात.