हळदीचे ऊतिसंवर्धन

हळदीचे ऊतिसंवर्धन म्हणजे हळदीच्या गड्ड्यावरील डोळ्याचा लहानसा भाग निर्जंतुक पोषणमाध्यमात वाढवून त्यापासून मातृवृक्षाशी समरूप अशी अनेक रोपे तयार करण्याची पद्धत होय. हळद (शास्त्रीय नाव : कुर्कुमा लाँगा) ही आल्याच्या कुळातील औषधी व मसाल्याची वनस्पती आहे.

पार्श्वभूमी

हळदीत गुणसूत्रांचे तीन संच (एकूण ६३) असल्यामुळे तिला सहसा बी धरत नाही. तिची लागवड जेठे किंवा बगल गड्ड्यांपासून होते. महाराष्ट्रात हेक्टरी सुमारे २५ क्विंटल बेणे लागते. बेणे रोगट असल्यास त्याबरोबर कंदकूजही नव्या शेतात पोहोचते, आणि चांगल्या वाणाचे बेणे पुरेसे वाढण्यास अनेक हंगाम जातात.

मराठवाड्यात वसमत परिसर हळदीसाठी प्रसिद्ध आहे. हा तालुका पूर्वी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर तो त्यात गेला. या विभागासाठीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये परभणी येथे स्थापन झाले. त्याचे आजचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असून लातूर येथील कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय त्याच्या अखत्यारीत आहे.

इतिहास

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील नाडगौडा, मस्कारेन्हस, हेंद्रे व जगन्नाथन यांनी ऊतिसंवर्धनाने हळदीची जलद अभिवृद्धी करण्याविषयीचे संशोधन १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. या विषयावरील आरंभीच्या संशोधनांत त्याची गणना होते.

पद्धत

निरोगी गड्ड्यांवरील कोंब धुऊन निर्जंतुक करतात व मुराशिगे-स्कूग माध्यमावर ठेवतात. १९६२ मध्ये सिद्ध झालेल्या या माध्यमात क्षार, जीवनसत्त्वे व साखर असते. सायटोकायनिन गटातील संप्रेरकांमुळे फुटवे वाढतात, तर ऑक्सिनमुळे मुळे फुटण्यास मदत होते. संवर्धन सुमारे २५ अंश सेल्सियस तापमानात करतात. माध्यमातील साखर वाढविल्यास बाटलीतच सूक्ष्मकंद धरतात. बाटलीतील दमट हवेत वाढलेली रोपे थेट शेतात तग धरत नाहीत. म्हणून त्यांना आधी हरितगृहात व नंतर शेडनेटमध्ये बाहेरील हवेची सवय करून देतात.

करक्युमिन

हळदीचा पिवळा रंग करक्युमिन व त्याच्याशी संबंधित संयुगांमुळे येतो. या संयुगांतील फिनॉल गट मुक्त मूलकांना हायड्रोजन देऊन निष्क्रिय करतात. म्हणून त्यांना प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. करक्युमिनचे प्रमाण वाण, जमीन व हवामानानुसार बदलते. अधिक करक्युमिन असलेले झाड निवडून त्याचीच रोपे वाढविता येणे, हा ऊतिसंवर्धनाचा मोठा लाभ आहे. मात्र प्रयोगशाळेत दिसणारा करक्युमिनचा गुण शरीरात तितकाच दिसतो असे नाही, कारण आतड्यातून त्याचे शोषण फार कमी होते.

मर्यादा

प्रयोगशाळा, वीज व कुशल मनुष्यबळ यांमुळे रोप बेण्यापेक्षा महाग पडते. पहिल्या हंगामात गड्डे लहान राहतात. त्यामुळे ही रोपे विक्रीच्या पिकापेक्षा निरोगी मूळ बेणे तयार करण्यास अधिक उपयुक्त ठरतात. ऊतिगोळ्यापासून वाढविलेल्या रोपांत आनुवंशिक बदल संभवतात, म्हणून थेट डोळ्यापासून केलेली वाढ अधिक विश्वसनीय मानली जाते. रोपे रोगमुक्त असली, तरी रोगट जमिनीत लावल्यास त्यांना कंदकूज पुन्हा होऊ शकते.